मागणीचा रकाना

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. खाली पिठाची गिरणी,
वर आम्ही.
गिरणी सुरू झाली की कपाटं बारीक थरथरतात
आणि खालच्या फळीवरच्या चरित्रांवर
वर्षभर ज्वारीची साय.

मागणीची वही माझ्या आधीपासूनची.
तीन रकाने: तारीख, वाचक, हवे असलेले पुस्तक.
गोठोसकर बाईंचं वळणदार अक्षर,
काही नावांपुढे टिक,
बऱ्याच नावांपुढे काहीच नाही.

मग एका मंगळवारी तेजस घारे आला,
पाठीवर जेवणाची चौकोनी बॅग,
दारातच उभा, चपला काढाव्यात की नाही या विचारात.
"मॅडम, चार्जिंगला पिन मिळेल?"
मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: पिन.
का लिहिलं ठाऊक नाही.
पेन हातात होतं, वही उघडी होती.

त्यानंतर वही थांबेना.
मालन सुतार, चार घरची धुणीभांडी: फॉर्म भरून देणारं माणूस.
ढमाले, मार्केटात रात्रपाळी:
दुपारी दोन तास शांतता. (झोपायला नाही, म्हणाला, नुसती.)
भरतीची पोरं, एकूण नऊ: पहाटे पाचला उघडं दार.
सातवीतली झोया: जिथे भाऊ येणार नाही असं टेबल.
बोनकोड्याचे घरत आजोबा: मोठी अक्षरं.
मोठी नसतील तर कुणाचा तरी आवाज.

कमिटीत टेंबे सर उखडले.
"हे ग्रंथालय आहे की सेतू केंद्र?"
प्रश्न चुकीचा नव्हता.
मी उत्तर दिलं नाही, वही वाचून दाखवली,
तारखेसकट, नावासकट,
खाली गिरणी चालू म्हणून जरा ओरडूनच.
"भाऊ येणार नाही असं टेबल" याला कुणीतरी हसलं,
मग कुणी हसलं नाही.

वायरमन आला. भिंतीला आठ पिना.
मधलं कपाट हलवलं, पोटमाळा मोकळा केला,
बेचाळीस किलो रद्दी गेली.
पहाटेची किल्ली पोरांकडेच दिली.
घारे आता ऑर्डरींच्या मधल्या वेळात
गुडघे गेलेल्या सभासदांना पुस्तकं पोचवतो,
पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद असली तरी.
शनिवारी झोया आजोबांना वाचून दाखवते,
जोडाक्षराला अडखळते,
ते डोळे मिटून पुढचा शब्द सांगतात.

सगळंच जमलं असं नाही.
कानाने ऐकायची पुस्तकं आणली, हेडफोन खोक्यातच आहेत.
नऊ पोरांतली दोन लागली, बाकीची कुठे गेली कळलं नाही;
पाचला दार अजून उघडतं,
कधी एकच जण असतो, कधी नुसता पंखा.
टेंबे सर वर्गणी भरतात, येत नाहीत.

परवा आजोबांनी वही मागितली.
स्वतः लिहितो म्हणाले.
रकाना सोडून, ओळ सोडून, तिरपं लिहिलं:
गावदेवी जत्रा स्मरणिका, एक्क्याऐंशी.
"त्यान माझे बायकोचा नाव हाय," म्हणाले,
"अकरा रुपये वर्गणी. तिचे नावान दिलेली, माझे नाय."
छापलेलं तिचं नाव तेवढंच.

स्मरणिका पोटमाळ्यावर होत्या.
गावच्या जुन्या वाचनालयातून आलेल्या,
सुतळीने बांधलेल्या, वर उंदराच्या लेंड्या.
वीस वर्षांत एकदाही कुणी मागितल्या नव्हत्या.
वहीच साक्षीला आहे.

"बघते," म्हटलं मी.
ते पिनेपाशी बसले, झोयाची वाट बघत,
त्यांच्या डोक्यावर कुणाचा तरी फोन चार्ज होत होता.

रद्दीवाला तुर्भ्याचा आहे. पावतीवर नंबर आहे.
तीन वेळा लावला, उचलला नाही.
उद्या सुट्टी आहे.
घारेच्या गाडीवर मागे बसून जाऊन येईन.